हे पाणी आले कुठून?

लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर एक सार्वजनिक हातपंप होता. त्याचे पाणी दिसायला नितळ, थंड आणि चवीला चांगले होते. जवळच्या दुसऱ्या एका पंपाच्या पाण्यात घाण जाणवत असे, म्हणून त्या बाजूचे लोकही चार पावले जास्त चालून ब्रॉड स्ट्रीटवर पाणी भरायला येत. १८५४ च्या सप्टेंबर महिन्यातल्या पहिल्या दहा दिवसांत याच पंपाच्या आसपासची ५०० हून अधिक माणसे कॉलऱ्याने दगावली.

त्या नितळ पाण्याकडे बोट दाखवणाऱ्या डॉक्टरचे नाव होते जॉन स्नो. आज त्यांना साथरोगशास्त्राचा जनक म्हटले जाते. त्या काळी मात्र लंडनमध्ये त्यांची ओळख वेगळी होती. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला भूल देणारे निष्णात डॉक्टर म्हणून लोक त्यांना ओळखत. वायू आणि वाफा हा त्यांचा अभ्यासाचा विषय. कॉलरा हवेतून पसरतो असे जवळपास सगळे वैद्यकविश्व मानत असताना हवेचाच अभ्यास करणारा हा माणूस पाण्यापर्यंत कसा पोहोचला, हे समजून घेण्यासारखे आहे.

खाणीतला पहिला धडा

स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात झाला. वडील कोळशाच्या वखारीत मजुरी करत. नऊ भावंडांत जॉन थोरला. घर उझ नदीजवळच्या गरीब वस्तीत होते आणि नदीला पूर आला की पाणी त्या भागात शिरत असे. शिक्षणासाठी पैसा नव्हता, पण मुलगा हुशार होता. चौदाव्या वर्षी त्याला न्यूकॅसलच्या एका डॉक्टरकडे उमेदवारीसाठी पाठवण्यात आले.

१८३१ च्या शरद ऋतूत कॉलरा पहिल्यांदा इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला. बंगालमध्ये १८१७ साली उसळलेल्या साथीनंतर हा रोग व्यापाराच्या वाटांनी पश्चिमेकडे सरकत होता. न्यूकॅसलजवळच्या किलिंगवर्थ कोळसा खाणीत साथ भडकली, तेव्हा डॉक्टरांनी आपल्या या अठरा वर्षांच्या उमेदवाराला एकट्यालाच तिथे पाठवले. उपचार म्हणजे रक्त काढणे, जुलाबाचे औषध देणे, अफू देणे. त्यातले काहीच लागू पडत नव्हते. जुलाब आणि उलट्यांनी माणसाच्या अंगातले पाणी निघून जाई, त्वचा सुरकुतून निळसर पडे आणि सकाळी धडधाकट असलेला कामगार रात्रीपर्यंत संपून जाई.

तिथे पाहिलेली एक गोष्ट स्नो विसरले नाहीत. खाणीत कामगार आठ-नऊ तास जमिनीखाली असत. शौचाची वेगळी सोय नव्हती आणि हात धुवायला पाणीही नव्हते. काळोखात, त्याच हातांनी ते बरोबर आणलेली भाकरी खात. खोल खाणीत ना दलदल होती, ना गटारांची दुर्गंधी. तरीही कॉलरा तिथे सर्वाधिक जोरात होता. या निरीक्षणाचा अर्थ त्यांना पुढे सतरा-अठरा वर्षांनी उलगडला.

याच काळात ते शाकाहारी झाले आणि मद्याला नकार दिला. पिण्यासाठी ते उकळलेले किंवा वाफेपासून थंड करून घेतलेले पाणी पसंत करत. त्या वेळी ती एका विक्षिप्त तरुणाची सवय वाटली असणार.

वाफेचा हिशेब

१८३६ मध्ये स्नो बरीचशी वाट पायी तुडवत लंडनला आले. वैद्यकीय शाळेत शिकले, परीक्षा उत्तीर्ण झाले आणि सोहोतल्या फ्रिथ स्ट्रीटवर त्यांनी दवाखाना थाटला. आवाज घोगरा, स्वभाव अबोल, ओळखीपाळखी नाहीत. रुग्ण फारसे येत नसत. मोकळा वेळ ते वैद्यकीय सभांना जाण्यात आणि प्रयोग करण्यात घालवत. १८४४ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी मिळाली.

१८४६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात ईथर हुंगवून शस्त्रक्रिया करण्यात आली आणि डिसेंबरात ती पद्धत लंडनला पोहोचली. सुरुवातीला तिचा भरवसा नव्हता. कुणाला भूल चढे, कुणाला चढत नसे, तर कुणी अर्धवट गुंगीत किंचाळत राही. स्नो यांनी कारण शोधले. खोलीचे तापमान बदलले की हवेत मिसळणाऱ्या ईथरच्या वाफेचे प्रमाणही बदलते. त्यांनी तापमान आणि वाफेचे कोष्टक तयार केले, प्रमाण नियंत्रित राहील असे उपकरण बनवले आणि १८४७ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. क्लोरोफॉर्म आल्यावर त्याचाही असाच अभ्यास केला. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरिया यांच्या आठव्या बाळंतपणात त्यांनीच क्लोरोफॉर्म दिले आणि नंतर १८५७ मध्ये पुन्हा एकदा.

या कामातून त्यांच्या हाती एक पक्के ज्ञान लागले होते. वायू पसरला की विरळ होतो. उगमापासून जितके दूर जावे तितका त्याचा परिणाम कमी होतो. शिवाय हुंगलेली गोष्ट फुप्फुसांतून रक्तात जाते आणि परिणाम सर्वांगावर दिसतो.

त्या काळी रोग कुजलेल्या पदार्थांच्या दुर्गंधीयुक्त हवेतून होतात, असा सिद्धान्त प्रचलित होता. डॉक्टर, अधिकारी, संसद सदस्य सगळेच तो मानत. पण मग गटार साफ करणारे, मैला उपसणारे, चामडी कमावणारे या घाणीत दिवसभर राबतात, ते सगळ्यांत आधी का मरत नाहीत? आणि एकाच घरात, एकच हवा घेणाऱ्यांपैकी काहीच का आजारी पडतात? स्नो यांना हा हिशेब जुळेना.

आजार पोटात, मग विष कुठून?

१८४८ मध्ये कॉलरा परत आला. पुढच्या वर्षाअखेरपर्यंत एकट्या लंडनमध्ये सुमारे १४,००० बळी गेले. या साथीतला पहिला नोंदलेला रुग्ण हॅम्बुर्गहून जहाजाने आलेला एक खलाशी होता. तो ज्या खोलीत मेला त्याच खोलीत नंतर राहायला आलेल्या माणसालाही कॉलरा झाला.

स्नो यांनी रुग्णांची लक्षणे तपासली. कॉलऱ्याची सुरुवात पोटातून होते. ताप नाही, खोकला नाही, डोके जड होणे नाही. आधी जुलाब, मग बाकी सगळे. विष हवेतून आले असते तर आधी फुप्फुसांना किंवा रक्ताला बाधा झाली असती. ज्याअर्थी रोग आतड्यांत सुरू होतो, त्याअर्थी त्याचे कारणही तोंडावाटे पोटात जात असले पाहिजे. रुग्णाच्या जुलाबातून ते बाहेर पडते, न धुतलेल्या हातांतून किंवा पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जाते आणि तिथे वाढते. किलिंगवर्थच्या खाणीतली ती भाकरी आता त्यांना नीट समजली.

लंडनच्या दक्षिण भागात एकाच रस्त्यावर पाठीला पाठ लावून दोन चाळीसारख्या वस्त्या होत्या. एकीत कॉलऱ्याने कहर केला, तर शेजारच्या वस्तीत एकच बळी गेला. दोन्हींची हवा एकच होती. फरक इतकाच, की पहिल्या वस्तीत घराबाहेर फेकलेले सांडपाणी तिथल्या विहिरीत झिरपत होते.

१८४९ मध्ये स्नो यांनी हे विचार एका छोट्या पुस्तिकेत मांडले. स्वागत थंड झाले. एका वैद्यकीय नियतकालिकाच्या परीक्षणकर्त्याने आव्हान दिले, की संशयित पाणी रोग नसलेल्या दूरच्या ठिकाणी नेले आणि ते पिणारेच आजारी पडले, तरच हा दावा मान्य करता येईल. असा प्रयोग माणसांवर कोण करणार? पण पाच वर्षांनी तो आपोआप घडला.

तोवर चुकीच्या सिद्धान्ताने प्रत्यक्ष नुकसान केले होते. दुर्गंधी हाच शत्रू, अशा समजुतीने लंडनच्या अधिकाऱ्यांनी घरोघरचे मैलाखड्डे बंद करून सारी घाण गटारांवाटे थेम्स नदीत सोडण्याचा सपाटा लावला. गल्लीतला वास काहीसा कमी झाला. पण लाखो लोकांचे पिण्याचे पाणी त्याच नदीतून उपसले जात होते.

एका रस्त्यात दोन कंपन्या

दक्षिण लंडनला दोन खासगी कंपन्या पाणी पुरवत. एक साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल आणि दुसरी लॅम्बेथ. जुन्या स्पर्धेमुळे अनेक रस्त्यांत दोघींचे नळ शेजारीशेजारी गेले होते. एका घरात हिचे पाणी, तर शेजारच्या घरात तिचे. १८४९ च्या साथीत दोन्हींचे पाणी शहरातल्या मलिन थेम्समधलेच होते. १८५२ मध्ये लॅम्बेथ कंपनीने आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला, शहराची घाण आणि भरतीचे पाणी पोहोचत नाही अशा ठिकाणी हलवला. दुसरी कंपनी जागेवरच राहिली.

१८५४ च्या उन्हाळ्यात साथ पुन्हा आली, तेव्हा या परिस्थितीचे मोल स्नो यांनी ओळखले. सुमारे तीन लाख माणसे, गरीब-श्रीमंत, तरुण-म्हातारी, एकाच हवेत राहणारी. त्यांची दोन गटांत विभागणी झाली होती आणि ती कुणी ठरवून केलेली नव्हती. फरक फक्त पाण्याचा होता. मृतांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातले सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांनी पत्ते पुरवले. फार स्वतः हवेच्या सिद्धान्ताचे समर्थक होते, तरी त्यांनी मदत नाकारली नाही. स्नो घरोघरी फिरू लागले. दार वाजवायचे आणि विचारायचे, की तुमच्याकडे पाणी कोणत्या कंपनीचे येते?

बऱ्याच भाडेकरूंना ते माहीतच नसे, कारण पाणीपट्टी घरमालक भरत. मग स्नो यांनी रसायनशास्त्राचा आधार घेतला. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या पाण्यात भरतीबरोबर आलेले आणि मैल्यातले मीठ लॅम्बेथच्या पाण्याच्या सुमारे ४० पट होते. नळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की मीठ असल्यास पांढरा साका तयार होतो. साका किती दाट, यावरून पाणी कोणाचे ते कळे.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू. लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यू. म्हणजे दर दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५ आणि दुसरीकडे ३७. एकाच रस्त्यावर, एकाच हवेत, मृत्यूच्या प्रमाणात आठपटींहून अधिक फरक होता आणि तो नळातून येत होता.

ब्रॉड स्ट्रीटवरचे ते दिवस

हे काम चालू असतानाच, ३१ ऑगस्टच्या रात्री, स्नो यांच्या घरापासून थोड्याच अंतरावर सोहोत मृत्यूचे थैमान सुरू झाले. पहिल्या तीन दिवसांत १२७ माणसे गेली. जे जाऊ शकत होते ते घरे सोडून पळाले.

स्नो यांचा संशय पंपावर होता, पण पाणी पाहिल्यावर ते गोंधळले. त्यात दोष दिसेना. मग त्यांनी मृतांची यादी मिळवली आणि पुन्हा दारोदार फिरणे सुरू केले. साथ उसळल्यानंतरच्या ८३ मृत्यूंपैकी फक्त १० घरे अशी होती, की जिथून दुसरा एखादा पंप जवळ होता. त्यातली पाच कुटुंबे आवडीने ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी आणत होती आणि तीन घरांतली मुले पंपाजवळच्या शाळेत जात होती.

जे वाचले त्यांची गोष्टही तितकीच बोलकी होती. शेजारीच निराधारांचे एक मोठे गृह होते. तिथल्या ५३५ जणांपैकी फक्त पाच दगावले, कारण त्यांची विहीर आवारातच होती. त्याच रस्त्यावरच्या बिअरच्या कारखान्यातल्या सत्तरहून अधिक कामगारांपैकी कुणीही मेले नाही. ते बिअर पीत आणि कारखान्याची विहीर वेगळी होती. जवळच बंदुकीच्या टोप्यांचा कारखाना होता. तिथे कामगारांसाठी पंपाचे पाणी पिंपांत भरून ठेवलेले असे. तिथले अठरा कामगार मृत्युमुखी पडले.

सर्वांत निर्णायक पुरावा मिळाला तो काही मैल दूर असलेल्या हॅम्पस्टेडमध्ये. तिथे कॉलरा नव्हता, तरी एक विधवा बाई २ सप्टेंबरला कॉलऱ्याने वारल्या. त्या पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहत आणि तिथल्या पाण्याची चव त्यांना आवडे. म्हणून त्यांच्यासाठी पंपाच्या पाण्याची बाटली रोज गाडीतून येत असे. भेटायला आलेल्या त्यांच्या भाचीनेही ते पाणी प्यायले. ती इस्लिंग्टनला आपल्या घरी परतली आणि तिथे मेली. इस्लिंग्टनमध्येही तेव्हा कॉलरा नव्हता. पाच वर्षांपूर्वी परीक्षणकर्त्याने मागितलेला प्रयोग हाच होता.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो स्थानिक मंडळाच्या सभेत गेले आणि पंपाचा दांडा काढण्याची विनंती केली. सदस्यांना ती फारशी पटली नाही, पण दुसरा उपायही सुचत नव्हता. ८ सप्टेंबरला दांडा काढण्यात आला.

दांडा काढला आणि साथ थांबली, अशी कहाणी नंतर रूढ झाली. वस्तुस्थिती तितकी सोपी नाही. लोक आधीच पळून गेले होते, आजारी पडायचे ते पडून गेले होते आणि मृत्यूंचा आकडा ८ तारखेपूर्वीच उतरणीला लागला होता. हे स्वतः स्नो यांनीच लिहून ठेवले. आपल्या बाजूची गोष्ट फुगवून सांगण्याचा मोह त्यांनी टाळला.

दुपट्यांचे पाणी

तरीही दांडा काढणे वाया गेले नाही, हे एका धर्मोपदेशकामुळे कळले. रेव्हरंड हेन्री व्हाइटहेड त्याच वस्तीतल्या चर्चमध्ये काम करत. पंपाची गोष्ट त्यांना पटत नव्हती. ती खोटी ठरवण्यासाठीच ते प्रत्येक घरी जाऊन चौकशी करू लागले. वस्तीतले लोक त्यांच्या ओळखीचे होते, त्यामुळे स्नो यांना न मिळालेली माहितीही त्यांना मिळाली. आणि जसजशी माहिती जमत गेली तसतसे त्यांचेच मत बदलत गेले.

काही महिन्यांनी नोंदी चाळताना त्यांना ब्रॉड स्ट्रीटच्या ४० क्रमांकाच्या घरातल्या एका तान्ह्या मुलीची नोंद सापडली. ती साथ उसळण्याच्या काही दिवस आधीच जुलाबाने आजारी पडली होती आणि २ सप्टेंबरला दगावली होती. घर पंपाला अगदी लागून होते. आईने बाळाची दुपटी बादलीत धुऊन ते पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतले होते. खोदून पाहिले तेव्हा खड्ड्याच्या विटा निखळलेल्या आढळल्या. खड्डा आणि विहीर यांत अंतर होते जेमतेम ८० सेंटिमीटर आणि मधली माती झिरपून ओली झाली होती.

त्या मुलीचे वडील कॉलऱ्याने आजारी पडले तो दिवस होता ८ सप्टेंबर, म्हणजे दांडा काढला तोच दिवस. अकरा दिवसांनी तेही वारले. त्यांच्या आजारपणातली घाणही त्याच खड्ड्यात गेली. पंप चालू राहिला असता तर विहीर पुन्हा विषारी झाली असती.

मान्यता मिळाली, पण उशिरा

१८५५ मध्ये स्नो यांनी आपल्या पुस्तिकेची मोठी, सुधारित आवृत्ती काढली. आज जगप्रसिद्ध असलेला, मृत्यूंच्या जागी काळ्या रेघा दाखवणारा नकाशा तिच्यात होता. उपायही होते: हात धुणे, पाणी उकळणे, रुग्णाचे कपडे उकळत्या पाण्यात टाकणे, मैल्याचा पिण्याच्या पाण्याशी संबंध तोडणे. पुस्तकावर दोनशे पौंडांहून अधिक खर्च झाला आणि विक्रीतून हाती जवळपास काहीच आले नाही.

सरकारी आरोग्य मंडळाच्या समितीने त्यांचा निष्कर्ष फेटाळला. त्याच वर्षी, दुर्गंधी म्हणजे साथ नव्हे, असे त्यांनी संसदेच्या समितीपुढे सांगितले, तेव्हा एका नामांकित वैद्यकीय साप्ताहिकाने त्यांच्यावर जळजळीत टीका केली. स्नो यांनी वाद वाढवला नाही. दिवसा भूल द्यायची आणि उरलेल्या वेळात लिहायचे, असा क्रम चालू ठेवला. १० जून १८५८ रोजी क्लोरोफॉर्मवरच्या पुस्तकाचे लिखाण करत असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १६ जूनला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांनी लग्न केले नव्हते. त्याच साप्ताहिकाने छापलेल्या त्रोटक मृत्युवार्तेत भूलशास्त्रातल्या कामाचा उल्लेख होता, कॉलऱ्याचा नव्हता. ती उणीव भरून काढणारा सविस्तर मृत्युलेख त्या साप्ताहिकाने २०१३ मध्ये छापला.

गंमत अशी, की त्यांच्या मृत्यूच्याच उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी इतकी वाढली की संसदेला काम करणे अशक्य झाले. घाबरलेल्या खासदारांनी नवीन गटारांसाठी पैसा मंजूर केला आणि अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी शहराचा मैला खूप खालच्या अंगाला नेऊन सोडणारी गटारव्यवस्था उभारली. कारण चुकीचे होते, काम मात्र बरोबर झाले. पिण्याचे पाणी घाणीपासून दूर गेले. १८६६ मध्ये शेवटची मोठी साथ आली ती पूर्व लंडनमध्ये, जिथे गटारांचे काम अपुरे होते. तिचा माग विल्यम फार यांनीच एका पाणी कंपनीच्या न गाळलेल्या साठ्यापर्यंत काढला. स्नो यांचे म्हणणे आता त्यांनाही मान्य झाले होते.

कॉलऱ्याचा जंतू इटलीतल्या फिलिपो पाचिनी यांनी १८५४ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, पण तिकडे कुणी लक्ष दिले नाही. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना तो कोलकात्यात रुग्णांच्या आतड्यांत आणि लोक ज्याचे पाणी पीत त्या तळ्यातही सापडला. स्नो यांनी जंतू कधी पाहिला नव्हता. पण त्याची वाट कशी अडवायची, हे त्यांना तीस वर्षे आधीच कळले होते.

पाणी सुरक्षित होते ते कसे?

आजच्या जलशुद्धीकरण केंद्रांत होणारे काम पायरी-पायरीने चालते. प्रथम पाण्यात तुरटी किंवा तिच्यासारखे रसायन मिसळतात. त्यामुळे तरंगणारे बारीक कण एकत्र येऊन जड होतात आणि तळाशी बसतात. मग पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते. इथे उरलेला गाळ आणि जंतूंचा मोठा भाग अडतो. शेवटी क्लोरीन मिसळतात. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, कारण कणांच्या आडोशाला जंतू लपतात आणि क्लोरीनही त्या घाणीतच खर्ची पडते. म्हणून आधी गाळणे आणि मग क्लोरीन, हा क्रम महत्त्वाचा. गावाकडे विहिरीत किंवा टाकीत टाकली जाणारी टीसीएल पावडर हे क्लोरीनचेच रूप आहे. ती मिसळल्यावर निदान अर्धा तास पाणी वापरायचे नाही, कारण जंतू मरायला वेळ लागतो.

पाणी केंद्रातून निघाल्यावरही थोडे क्लोरीन त्यात शिल्लक राहायला हवे. शेवटच्या नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम, असे भारतीय मानक सांगते. ही शिलकी मात्रा वाटेतल्या घाणीपासूनचे संरक्षण असते. नळाच्या पाण्याला येणारा किंचित वास म्हणजे बहुधा तीच. तो नकोसा वाटतो, पण त्यात वाईट काही नाही.

खरा धोका वाटेतच असतो. आपल्या शहरांत पाणी दिवसातून काही तासच येते. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतला दाब उतरतो. वाहिनी गटाराशेजारून गेलेली असेल आणि तिला भेग असेल, तर बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते. ब्रॉड स्ट्रीटवर खड्डा आणि विहीर यांच्यात जे घडले तेच हे. पाणी पुन्हा सुरू होते तेव्हा पहिली धार गढूळ किंवा वासाची असेल तर ती पिण्यासाठी भरू नये. शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळी येऊ द्यावे, ती निदान एक मिनिट राहू द्यावी आणि त्याच भांड्यात झाकून ठेवावे. काढताना लांब दांड्याचे ओगराळे वापरावे, हात बुडवू नये. आणि एकाच गल्लीत दोन-चार घरांत एकदम जुलाब सुरू झाले, तर घरगुती औषधावर न थांबता आरोग्य केंद्राला आणि पाणीपुरवठा विभागाला लगेच कळवावे.

तक्रार करताना पाणी स्वच्छ दिसते की नाही, एवढेच सांगून भागत नाही. कोणत्या घरांत आजार आहे, त्यांचा नळ कोणत्या वाहिनीवर आहे आणि ज्यांना काही झाले नाही ते कुठले पाणी पितात, हेही सांगावे. वाहिनी नेमकी कुठे फुटली आहे, ते शोधायला एवढी माहिती पुष्कळदा पुरते.